तात्पुरता जोड

स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा शाळेचा निरोप आला, तेव्हा प्रथम मी नकारच कळविला होता. ज्या व्यासपीठावर माझे सोबती डॉक्टर, प्राध्यापक, अधिकारी म्हणून आपली वाटचाल सांगणार, तिथे गॅरेज चालविणाऱ्या माणसाने काय सांगावे? माझे दिवस वंगणात आणि वायरींत जातात. परंतु निरोप आणणाऱ्या वर्गमित्राने एकच प्रश्न विचारला, "शाळेत शिकलेले काही तुझ्या कामात उपयोगी पडले असेल ना?" उपयोगी पडले, हे तर खरेच. पण त्याहून खरे असे की, एकदा ते मी विसरलो आणि त्याची किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजली. तीच हकिकत येथे लिहितो आहे.

जानेवारी २०२४ मधील गोष्ट. नागपूरची थंडी पहाटे बोचरी असते. गॅरेजचे शटर नुकतेच उघडले होते आणि उमरेडच्या पलीकडील एका गावाहून एक गृहस्थ आपली जुनी पांढरी गाडी घेऊन आले. २०११ सालची, पेट्रोलवर चालणारी लहान गाडी. बोलता बोलता कळले की, त्यांची मुलगी आपल्याच शाळेच्या वसतिगृहात सातवीत शिकते. मी माजी विद्यार्थी आहे हे त्यांना कुणाकडून तरी समजले होते, म्हणूनच एवढ्या दूरवरून ते माझा पत्ता शोधत आले होते.

"भाऊ, गाडीचा पंखा बंदच होत नाही जी," ते म्हणाले. "चावी फिरवली की घुर्रर्र सुरू. इंजिन थंडं असो का गरम."

त्यांच्या वृद्ध आईला आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, डायलिसिससाठी नागपूरला आणावे लागे. त्यासाठीच त्यांनी दीड वर्षापूर्वी ही गाडी जुन्या बाजारातून घेतली होती. या दीड वर्षात दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. रात्री शहराच्या गर्दीतून परतताना समोरचे दिवे मंद होत. एका गॅरेजवाल्याने तापमानाचा सेन्सर बदलला, मग रिले बदलला, आणि शेवटी 'ईसीएम गेला आहे' असे सांगून वीस हजारांच्या वरचा आकडा लिहून दिला. आणि मागच्याच महिन्यात, एका शनिवारी सकाळी गाडी सुरूच झाली नाही. आईची डायलिसिसची पाळी चुकली. रविवारी रात्री तिला श्वास लागला, तेव्हा शेजाऱ्याला उठवून त्याच्या गाडीतून न्यावे लागले.

हे सारे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. एखाद्याने हवापाण्याबद्दल बोलावे, तसे सांगितले.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आता गाडी आहे. म्हणून हा पंखा कशासाठी असतो, ते थोडे विस्ताराने सांगतो. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलमधून जी उष्णता निघते, तिचा साधारण तिसरा हिस्सा इंजिनाभोवती खेळविलेल्या पाण्याला, म्हणजे कुलंटला, वाहून न्यावा लागतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप बंद असते आणि कुलंट इंजिनातल्या इंजिनातच फिरत राहते. तापमान ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोचले की झडप उघडते आणि कुलंट समोरच्या रेडिएटरमध्ये जाऊन वाऱ्याने थंड होते. गाडी वेगात असली की वारा आपोआप मिळतो. गर्दीत गाडी थांबली की तो मिळत नाही. तापमान ९५ ते १०० अंशांकडे सरकू लागते, आणि तेव्हा पंख्याने फिरावयाचे असते. चार-पाच अंश उतरले की त्याने थांबावयाचे असते. एवढेच त्याचे काम.

वडीलधाऱ्यांना आठवत असलेल्या ॲम्बॅसडरमध्ये हा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत असे. इंजिन सुरू तोवर पंखा सुरू, त्यात विचारण्यासारखे काही नव्हते. १९८३ साली मारुती ८०० आली. तिचे इंजिन आडवे बसविलेले, म्हणून पंख्याला विजेची स्वतंत्र मोटर द्यावी लागली. तेव्हापासून आपल्याकडील गाड्यांत पंखा केव्हा फिरावा आणि केव्हा थांबावा, हे ठरविणारी यंत्रणा आली. अशा गाडीत पंखा सतत फिरत असेल, तर ती खूण असते. त्या यंत्रणेतील कुणीतरी खोटे बोलत आहे, एवढे ती सांगते. कोण, हे मात्र शोधावे लागते.

मी त्यांना म्हटले, "काका, गाडी आजची रात्र इथेच राहू द्या. उद्या ती पूर्ण थंड असताना पाहतो."

त्यांचा चेहरा उतरला. दुसरा दिवस मंगळवार होता आणि बुधवारी आईला आणावयाचे होते. मी मंगळवारी संध्याकाळपर्यंत गाडी देण्याचा शब्द दिला आणि ते बसने गावी परतले.

तो शब्द देताना मला आठवण झाली ती शाळेतील विहिरीच्या पंपाची. माझ्या पिढीतील विद्यार्थी तो प्रसंग विसरले नसतील. मी आठवीत होतो. ऐन एप्रिलमध्ये वसतिगृहाचा पंप बंद पडला. गावातील मिस्त्रीने नुसते बटण दाबून पाहिले आणि मोटर जळाली, रिवाइंडिंग करावे लागेल, असा निर्णय दिला. त्या खर्चाचा आकडा ऐकून गृहपाल सर कपाळाला हात लावून बसले. तेव्हा आमचे विज्ञानाचे सर आम्हा सात-आठ मुलांना घेऊन विहिरीवर गेले. त्यांच्या हातात होल्डरला दोन तारा जोडलेला एक साधा दिवा होता. हात लावण्याचे काम सरांचे. आमचे काम वहीत लिहिण्याचे. खांबावरून येणाऱ्या तारेपाशी दिवा लागला की आम्ही भिंतीवर खडूने खूण करायची. पुढच्या जागी दिवा लागला की पुढची खूण. असे करीत करीत आम्ही फ्यूजच्या चिनी मातीच्या कटआउटपाशी आलो. अलीकडे दिवा लागत होता, पलीकडे लागत नव्हता. फ्यूजची तार शाबूत होती. पण कटआउटची पितळी पट्टी जळून काळी पडली होती आणि समोरच्या पट्टीला टेकतच नव्हती. मोटर ठणठणीत होती. त्या संध्याकाळी टाकीत पाणी पडल्याचा आवाज ऐकून मुलांनी केलेला जल्लोष अजून माझ्या कानांत आहे.

सर तेव्हा म्हणाले होते, "अंदाज करायला हरकत नाही. पण अंदाजावर दुसऱ्याचे पैसे खर्च करू नका. वीज कुठवर आली आणि कुठून पुढे गेली नाही, एवढे आधी पाहा." दहावीनंतर मी मोटार मेकॅनिकच्या ट्रेडसाठी आयटीआयला गेलो, त्याचे मूळ त्या खडूच्या खुणांत आहे, असे मी लोकांना नेहमी सांगत आलो आहे.

मंगळवारी सकाळी मी आणि माझ्याकडे शिकायला असलेला मुलगा कामाला लागलो. त्याला शिकविण्यासाठी मी प्रत्येक पायरी मोठ्याने बोलत होतो.

पहिली पायरी, एसी बंद आहे ना, ते पाहणे. एसी सुरू असेल तर पंखा फिरणे हा दोष नव्हे. एसीच्या पुढच्या जाळीला वारा लागतोच. पुष्कळ गाड्यांत काचेवरचे धुके घालविण्याची कळ फिरविली तरी एसी आपोआप सुरू होतो आणि मालकाला ते ठाऊक नसते. आमच्या गाडीत दोन्ही बंद होते.

दुसरी पायरी, कुलंटची पातळी. ही नेहमी थंड इंजिनावर पाहावयाची. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते, त्यामुळे ते १०० अंशांना उकळत नाही, सुमारे १२० अंशांपर्यंत तग धरते, आणि झाकण सैल होताच उसळून अंगावर येते. मी माझ्या उमेदवारीच्या काळात असा एक भाजलेला हात पाहिला आहे. आमच्या गाडीत कुलंट पुरेसे होते.

तिसरी पायरी, नुसती चावी फिरवून पाहणे. इंजिन सुरू न करताच पंखा सुरू झाला. चावी काढताच थांबला. हे महत्त्वाचे. रिलेची आतली टोके जळून एकमेकांना चिकटली असतील, तर पुष्कळ गाड्यांत चावी काढल्यावरही पंखा फिरत राहतो आणि रात्रभरात बॅटरी संपते. येथे तसे नव्हते.

चौथी पायरी, स्कॅनर. तापमानाच्या सेन्सरची तार तुटली तर ईसीएमला, म्हणजे गाडीतील त्या छोट्या संगणकाला, तापमान उणे ४० अंश दिसते. नागपुरात उणे ४० अंश कधी होत नाही, हे त्यालाही 'ठाऊक' असते. तो पी०११८ हा संकेत नोंदवितो आणि खबरदारी म्हणून पंखा सतत फिरवत ठेवतो. काही कळत नसेल तर इंजिन वाचवावे, हा त्यामागील विचार. पंखा थांबत नसला की बहुतेक मेकॅनिक आधी सेन्सर का बदलतात, त्याचे कारण हेच. पण स्कॅनरवर एकही संकेत नव्हता. कुलंटचे तापमान १३ अंश आणि आत येणाऱ्या हवेचेही १३ अंश. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत ही दोन्ही तापमाने जवळपास सारखी असावयास हवीत, आणि ती होती. सेन्सर खरे बोलत होता. मी मुलाला मल्टिमीटरने त्याचा रोधही मोजायला लावला. थंड असताना दोन-तीन हजार ओहम आणि तापत जाईल तसा कमी कमी, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. सारे ठीक होते. त्या गृहस्थांचा आधीचा सेन्सरही बहुधा ठीकच असणार.

पाचवी पायरी, रिले उपटून काढणे. ईसीएम रिलेला हुकूम देतो आणि रिले पंख्याला वीज देतो. रिले काढला की पंखा थांबला पाहिजे. थांबला, तर दोष हुकूम देणाऱ्याकडे किंवा रिलेत.

मी रिले काढून हातात घेतला. चावी फिरविली. पंखा सुरू झाला.

"दादा, रिले तर तुमच्या हातात आहे!" मुलगा म्हणाला.

याचा अर्थ सरळ होता. पंख्याला वीज दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेने मिळत होती. ईसीएमचा, सेन्सरचा, रिलेचा काहीही संबंध नव्हता. वीस हजारांचा ईसीएम बदलला असता तरी पंखा फिरतच राहिला असता. कुणीतरी पंखा 'डायरेक्ट' केला होता. आमच्या धंद्यात हा शब्द रोजचा आहे. यंत्रणेतील दोष सापडत नसला की ती यंत्रणाच बाजूला सारायची आणि वीज थेट जोडून मोकळे व्हायचे.

पंख्याच्या प्लगपासून मी तारेचा माग काढू लागलो. वीतभर मागे, वायरिंगच्या काळ्या नळीखाली, एक जास्तीची तार येऊन मिळाली होती. नळी चिरून मी जोड उघडा केला. लाल कापडी पट्टी, आणि तिच्यावरून बारीक दोऱ्याचे घट्ट वेढे. शेवटची गाठ वेढ्यांच्या आत दाबून दिसेनाशी केलेली.

तशी गाठ नागपुरातील दुसऱ्या कोणत्याही गॅरेजात मारली जात नाही.

माझी आई बिड्या वळायची. तेंदूपत्त्याची सुरळी करून तिला दोरा गुंडाळायचा आणि दोऱ्याचे टोक बोटाने आत दाबून टाकायचे, हे काम तिने वर्षानुवर्षे केले. त्या पैशांत माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला. सुट्टीत घरी गेलो की मीही तिच्या शेजारी बसून बिड्या बांधत असे. पुढे गॅरेज काढल्यावर वायरींचे जोड सैल होऊ नयेत म्हणून मी पट्टीवरून तसाच दोरा बांधू लागलो. मला त्याचा अभिमान होता. पुढे गॅरेजात आकसणारी प्लास्टिकची नळी वापरायला सुरुवात झाली आणि ती सवय सुटली.

हा जोड माझा होता.

हळूहळू सारे आठवले. मे २०१५. लग्नसराई. ही गाडी तेव्हा भाड्याने चालविणाऱ्या एका चालकाची होती. पंखा फिरत नाही, इंजिन तापते, म्हणून तो धावतपळत आला होता. दुपारी चार वाजता त्याला वऱ्हाड घेऊन निघायचे होते. मी बॅटरीवरून थेट वीज देऊन मोटर फिरते हे पाहिले. नवा रिले लावून पाहिला. पंखा फिरला नाही. आतल्या वायरिंगमध्ये कुठेतरी तार तुटली असावी, असा अंदाज केला. वायरिंग उघडायचे म्हणजे अर्धा दिवस. तो घाई करीत होता, आणि माझ्या दारात आणखी तीन गाड्या उभ्या होत्या. चावी फिरविल्यावर जिवंत होणाऱ्या एका तारेवरून, फ्यूजच्या अलीकडूनच, मी एक तार काढली आणि पंख्याला जोडली. "सध्या तात्पुरते केले आहे, लग्नसराई झाली की या," असे म्हणालो आणि तीनशे रुपये घेतले. तो आला नाही. मीही त्याला फोन केला नाही. पुढे गाडी विकली गेली असणार, आणि एका हातातून दुसऱ्या हातात जात जात ती या गृहस्थांकडे आली.

सतत फिरणाऱ्या पंख्याने काय बिघडते, असे कुणी विचारील. थर्मोस्टॅट शाबूत असेल तर इंजिन फारसे थंड राहत नाही, हे खरे. पण लहान गाडीचा पंखासुद्धा दहा-पंधरा अँपिअर वीज खातो. गर्दीत इंजिन मंद गतीने चालत असताना, दिवे लागलेले असताना, अल्टरनेटरला एवढी वीज पुरविणे जड जाते आणि उरलेला भार बॅटरीवर पडतो. बॅटऱ्या त्यामुळे जात होत्या. ती शनिवारची सकाळ त्यामुळेच आली होती.

आणि याहून वाईट ते पुढे दिसले. मी लावलेली तार त्या भाराच्या मानाने बारीक होती. साडेआठ वर्षांच्या उष्णतेने तिचे आवरण कडक होऊन तडकले होते. रेडिएटरजवळच्या पत्र्याच्या कडेवर ते घासून गेले होते आणि तांबे उघडे पडले होते. पत्रा आणि तांबे यांत नखाएवढे अंतर उरले होते. ते टेकले असते, तर फ्यूज नसल्यामुळे तार लाल होऊन पेटली असती. त्या गाडीत मागच्या सीटवर आडवी झालेली एक वृद्ध स्त्री असायची.

"दादा, कोणी केलं असंन हे?" मुलाने विचारले.

मी लगेच उत्तर दिले नाही. खरे सांगायचे तर तेवढ्या वेळात माझ्या मनात सोपी उत्तरे येऊन गेली. 'असेल कुणीतरी' एवढे म्हटले असते तरी भागले असते. मालक म्हणाला असता, तुम्ही दोष शोधला, दुसऱ्याला जमला नाही तो. त्याने चार लोकांना माझे नाव सांगितले असते. दोऱ्याची गाठ ओळखणारा दुसरा कुणी नव्हता. माझी आई २०१९ मध्येच गेली.

"मी केलं," मी म्हणालो.

मुलगा हसला. त्याला ती थट्टा वाटली. माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्याचे हसू थांबले.

ती तार कापून काढली. पण काम तिथे संपत नव्हते. साडेआठ वर्षांपूर्वी जो दोष मला सापडला नव्हता, तो अजून गाडीत होताच. इंजिन सुरू करून तापू दिले. स्कॅनरवर ९७ अंश दिसले आणि रिलेने 'टक्' असा आवाज केला. पंखा फिरला नाही. त्या एका आवाजाने निम्मे उत्तर दिले होते. सेन्सरने तापमान सांगितले, ईसीएमने हुकूम दिला, रिलेने तो ऐकला. वीज त्यापुढे अडत होती. इंजिन बंद करून मी रिलेच्या बैठकीत टॉर्च मारला. चारपैकी एक खाच, जिथे बॅटरीची वीज येते ती, जळून काळी पडली होती. तिच्या पट्ट्या फाकल्या होत्या. रिलेचा पाय आत जाऊनही कशालाच टेकत नव्हता.

विहिरीवरील तो कटआउट आणि ही बैठक यांत काडीचा फरक नव्हता. आठवीतल्या मुलांना खडूच्या खुणांनी जे सापडले, ते दुकानाची पाटी लावून बसलेल्या माणसाला सापडले नाही. कारण त्याने पाहिलेच नाही. २०१५ मध्ये तो 'टक्' आवाज झाला असेलच, मी कान दिला नव्हता. नवी बैठक दोनशे रुपयांच्या आत मिळाली. नव्या खाचा दाबून बसविणे, तारा नीट गुंडाळणे, सारे मिळून अर्ध्या तासाचे काम झाले. मग इंजिन पुन्हा तापविले. ९७ अंशांना पंखा सुरू झाला, ९२ ला थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. तीन वेळा तसे होईतो आम्ही दोघे बॉनेटपाशी उभे होतो.

संध्याकाळी ते गृहस्थ आले. मी त्यांना बसविले, चहा मागविला आणि कापलेली तार टेबलावर ठेवली. उघडे पडलेले तांबे दाखविले. मग ती कुणी आणि केव्हा जोडली, ते सांगितले. तुमच्या दोन बॅटऱ्या, सेन्सर, रिले आणि तो शनिवार, हे सारे या तारेमुळे झाले, असे म्हणालो. शेवटचे वाक्य बोलताना त्यांच्याकडे पाहणे मला जमले नाही.

ते बराच वेळ तारेकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "भाऊ, तुम्हांले तवा घाई असंन. पण आता नीट झाली नं?"

"झाली."

"उद्या बुधवार आहे."

मी बॅटऱ्यांचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत. त्यांचा संताप झाला असता तर मला बरे वाटले असते, असे तेव्हा वाटले. पण माझ्या बरे वाटण्याची सोय करणे हे काही त्यांचे काम नव्हते. उलट नव्या बैठकीचे पैसे त्यांनी आग्रहाने दिले. "सामानाचे त घ्याच," म्हणाले. मजुरी मी घेतली नाही. आई आहे तोवर या गाडीचे काम माझ्याकडे, आणि बुधवारी वा शनिवारी गाडी अडलीच तर माझी गाडी तुमच्या दारात येईल, एवढे मात्र त्यांच्याकडून मान्य करून घेतले. आजवर तशी वेळ दोनदा आली. एकदा टायर फुटला होता आणि एकदा ते स्वतः आजारी होते.

ते गेल्यावर मी एक वही काढली आणि पहिल्या पानावर 'तात्पुरते' असे लिहिले. आठवून आठवून अशी कामे लिहू लागलो, जी घाईत केली आणि पुन्हा पाहिली नाहीत. त्या रात्री अकरा आठवली. जुन्या पावत्या, फोनमधील नावे शोधून एकेकाला फोन केले. चार जणांनी गाड्या विकल्या होत्या. त्यांच्याकडून पुढच्या मालकांचा ठावठिकाणा काढला, तेव्हा दोन सापडले. दोघांचे फोन लागले नाहीत. बाकीच्या गाड्या एकेक करून बोलावल्या आणि काम नीट करून दिले. काहींना माझे वागणे विचित्र वाटले. पैसे उकळण्याची ही नवी युक्ती तर नव्हे, असे एकाने स्पष्टच विचारले. चार गाड्यांचा पत्ता आजही लागलेला नाही. त्यांच्या ओळींपुढची जागा वहीत कोरी आहे.

आता गॅरेजात नियम आहे. तात्पुरते काम करावे लागतेच. रस्त्यात अडकलेल्या माणसाला घरी पोचविणे हेही कर्तव्यच आहे. पण तशी तार लावली तर तिला फ्यूज हवा, तिच्यावर तारखेची पिवळी चिठ्ठी हवी, वहीत मालकाचे नाव आणि फोन हवा, आणि पंधराव्या दिवशी फोन आम्ही करायचा, त्याने नव्हे. वही माझ्याकडे शिकणारा मुलगा सांभाळतो. माझे स्वतःचे काम वहीत नोंदवायचे राहिले, तर तो मला टोकतो. त्याला तो अधिकार मीच दिला आहे.

विज्ञानाचे सर आज हयात असते तर ही हकिकत त्यांना प्रत्यक्ष जाऊन सांगितली असती. त्यांनी बहुधा एवढेच विचारले असते की, त्या चार गाड्यांचे पुढे काय केलेस. शोध सुरू आहे, हेच माझे उत्तर असते.

शाळेने मला पोटभर जेवण दिले, अंगावर कपडे दिले, आणि पाहण्याची रीत दिली. त्या रीतीशी मी एकदा बेइमानी केली, याची कबुली देण्यास या स्मरणिकेहून योग्य जागा मला सापडली नाही. येत्या दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवी-नववीच्या मुलामुलींसाठी दोन दिवस शाळेत येण्याची परवानगी मी मुख्याध्यापकांकडे मागितली आहे. सोबत एक जुने इंजिन, एक मल्टिमीटर, होल्डरला दोन तारा लावलेला एक दिवा आणि खडूची पेटी आणीन.